जुना हेडफोन कशाने गेला, ते आधी बघा

हेडफोन बिघडला की पहिला प्रश्न येतो, आता कुठला घेऊ? त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा: जुना कशाने गेला? ज्याचा नेकबँड घामाने गेला, त्याने पुन्हा तसलाच आणला तर वर्षभरात तोही जाणार. ज्याची वायर पिनेपाशी तुटली, त्याने दुप्पट पैसे मोजले तरी नवी वायर त्याच जागी तुटणार, कारण फोन खिशात घालायची सवय तीच राहते. पाचशे ते अडीच हजार रुपयांत हेडफोन घ्यायचा असेल तर जाहिराती वाचण्यापेक्षा ही चौकशी जास्त उपयोगी पडते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी तो खरोखरच गेलाय का, हे तपासा. दुसऱ्या कुणाच्या फोनला लावून बघा. तिथे नीट वाजला तर दोष तुमच्या फोनमध्ये आहे. खिशातला धाग्यांचा कचरा पिनेच्या भोकात साचतो आणि पिन पूर्ण आत बसत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढला की काम होते. कधी फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली डाव्या-उजव्या आवाजाचा तोल एका बाजूला सरकलेला असतो आणि आपण एका कानाचा इअरफोन मेला असे धरून चालतो. कानात जाणाऱ्या इअरफोनची जाळी मळाने बुजली तरी आवाज बारीक होतो. रबर काढा, जाळी जमिनीकडे धरा आणि कोरड्या जुन्या टूथब्रशने झाडा, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. बड्सपैकी एक चार्ज होत नसेल तर बडवरचे आणि डबीतले धातूचे ठिपके बघा. घामाने त्यांच्यावर काळपट-हिरवट थर चढतो. कोरड्या कापसाने किंवा पेन्सिलीच्या खोडरबराने तो पुसा, जोडणी फोनमधून काढून टाका आणि पुन्हा जोडा. एवढे करून जमले नाही तर मग नव्याचा विचार.

वायरचा हेडफोन असेल तर एक पायरी अजून आहे. गाणे चालू ठेवा, पिनेपासून दोन बोटांवर वायर धरा आणि हळूच वाकवा. आवाज खरखरत येऊ-जाऊ लागला तर तार तिथेच आत तुटली आहे आणि हेडफोनचा बाकीचा भाग शाबूत आहे. मोबाइल दुरुस्तीवाला ती जागा कापून नवी पिन बसवून देतो. कापल्यावर आत केसासारख्या तारा दिसतात: बहुधा एक लाल, एक हिरवी किंवा निळी, एक तांब्याच्या रंगाची आणि माईक असेल तर आणखी एक. नुसत्या उघड्या तांब्यासारख्या दिसल्या तरी त्यांच्यावर लाखेचा पातळ थर असतो. कारागीर सोल्डरच्या थेंबात टोक बुडवून गरम सोल्डरिंग आयर्न धरतो, थर जळतो, टोक रुपेरी चमकू लागते आणि मगच सोल्डर पकडतो. हे टोक नीट न जाळता घाईने चिकटवलेली पिन आठवड्यात सुटते. म्हणून दुकानातून निघण्यापूर्वी दोन्ही कान ऐकून बघा, एखादा फोन लावून माईक तपासा आणि वायर हलवूनही बघा. आठशे-हजारांच्या वरच्या हेडफोनला ही दुरुस्ती नक्की करावी. तीनशेच्या इअरफोनला मात्र कारागिराची मजुरी परवडत नाही.

आता आपल्याकडच्या हवेचे. हेडफोनची परीक्षणे लिहिली जातात ती बहुतेक वातानुकूलित खोलीत बसून. पेडणे-डिचोलीत परिस्थिती वेगळी आहे. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या महिन्यांत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे हेडफोनच्या गाद्या कशा टिकणार? स्वस्त आणि मधल्या किमतीच्या हेडफोनला चामड्यासारखी दिसणारी रेक्झिनची गादी असते. दमट हवेत या पदार्थाचे रासायनिक विघटन होते, वरचा थर सुटतो आणि कानाला, केसांना काळे कपचे चिकटू लागतात. वापरला नाही तरी हे होते. त्यामुळे कान झाकणारा मोठा हेडफोन घ्यायचाच असेल तर गाद्या सुट्या मिळतात का, हे आधी बघा. नावाजलेल्या मॉडेलच्या गाद्या ऑनलाइन दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतात, अनोळखी मॉडेलच्या कुठेच मिळत नाहीत. कापडी गादी मिळाली तर तीच घ्या. घाम शोषते हे खरे, पण कपचे सुटत नाहीत.

हरमल, मांद्रे, मोरजी, केरी या किनारपट्टीत राहणाऱ्यांना खारा वाराही सोसावा लागतो. पाण्यापासून संरक्षणाचा जो आकडा खोक्यावर छापतात तो गोड्या पाण्याच्या चाचणीचा असतो. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे चालतील, आयपीएक्स-५ म्हणजे पाण्याची धार चालेल, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधला एक्स सांगतो की धुळीची चाचणी केल्याचा दावा नाही. खाऱ्या पाण्याबद्दल आणि घामाबद्दल हे आकडे काहीच बोलत नाहीत. आपल्या वापराला आयपीएक्स-४ किंवा ५ पुरे. मात्र चार्जिंगची डबी बहुधा या हमीत येत नाही, भिजलेले बड्स डबीत ठेवले की डबीच खराब होते. पावसात भिजलात तर बड्स आधी पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा, मग डबीत.

बॅटरी हे बिनतारी हेडफोनच्या मरणाचे सगळ्यात मोठे कारण, आणि ते टाळता येत नाही. बड्समध्ये जेमतेम चाळीस-पन्नास एमएएचची बॅटरी असते. रोज वापरली तर दोन-तीन वर्षांत ती निम्मा वेळही पुरत नाही, आणि बदलायची सोय नसते. नेकबँडमधली बॅटरी त्याच्या तिप्पट-चौपट मोठी असते, ती रोज-रोज चार्ज करावी लागत नाही, म्हणून जास्त टिकते. शिवाय बड्सपैकी एक हरवला की जोडी गेली. कंपनी एकच बड देते का, केवढ्याला देते, हे घेण्याआधी विचारले पाहिजे. माझे मत स्पष्ट आहे: दोन हजारांच्या आत बिनतारी घ्यायचे तर नेकबँड घ्या. केरी-तेरेखोल किंवा नार्वे-दिवाडी फेरीबोटीच्या कठड्याशी उभे राहून बड्स लावणाऱ्यांना हे पटायला वेळ लागणार नाही.

आणि तार चालत असेल तर तारेचाच घ्या. पाचशे ते हजार रुपयांत तारेच्या इअरफोनमध्ये जो आवाज मिळतो, तो बिनतारीमध्ये मिळवायला दुपटीहून जास्त पैसे लागतात, कारण बिनतारीत तुमच्या पैशातला मोठा वाटा बॅटरी, चिप आणि डबीवर जातो. तारेचा माईक तोंडाजवळ लोंबतो, त्यामुळे बसमधून बोललेले समोरच्याला कळते. बड्सचा माईक कानापाशी असतो, तो वारा आणि इंजिनच जास्त उचलतो. ज्या फोनमध्ये एफएम रेडिओ आहे, त्यात आकाशवाणी पणजी ऐकायची तर तारेचा इअरफोनच लागतो, कारण त्याची वायर ॲण्टेनाचे काम करते. घरी कुणी गाणे-हार्मोनियम शिकत असेल, फोनवरच्या वाद्यावर बोटे चालवत असेल, तर बिनतारी नकोच. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा काही अंश उशिरा पोचतो. सिनेमा बघताना फोन हा उशीर सांभाळून घेतो, पण पट्टी दाबली आणि सूर मागाहून आला तर तालावर हात बसत नाही.

अडचण आहे ती भोकाची. ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचे गोल भोक काढले आणि मागोमाग इतरांनीही. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये ते अजून सापडते, महागात नाही. भोक नसेल तर टाइप-सी पिनेचा इअरफोन घ्या किंवा कन्व्हर्टर. कन्व्हर्टर घेताना सावध राहा. बाजारात दीडशे-दोनशेला मिळणाऱ्यांपैकी काहींमध्ये आत चिपच नसते, नुसत्या तारा जोडलेल्या असतात. जो फोन टाइप-सीमधून तयार आवाज सोडतो, त्यालाच ते चालतात, बाकीच्या फोनला मुके राहतात. खोक्यावर 'डॅक' (म्हणजे आत चिप आहे) लिहिलेले बघा आणि दुकानात स्वतःच्या फोनला लावून वाजवल्याशिवाय पैसे देऊ नका. लॅपटॉपवर ऑनलाइन मुलाखत किंवा वर्ग असेल तर पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा म्हणजे माईक आहे, दोन म्हणजे नुसते ऐकणे.

आता खरेदी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात शंभर-दीडशेला सुटे इअरफोन मिळतात. पुढच्या दोन दिवसांची नड भागवायला ते ठीक, पण वर्षभर वापरायचा त्यांतला घेऊ नका. पाचशे ते हजारात ओळखीच्या कंपन्यांचे तारेचे इअरफोन, सोनीच्या एमडीआर-झेडएक्स ११० सारखा साधा, कानावर बसणारा हेडफोन, असे पर्याय मिळतात. दीड ते अडीच हजारांत नेकबँड आणि साधे बड्स. अडीच हजारांखाली आवाज-रोधक मोठा हेडफोन दिसला तर सोडून द्या, त्या किमतीत आवाज रोखणे आणि गाणे ऐकवणे दोन्ही अर्धवट राहते. किमती सणासुदीला खाली येतात. हातातला चालत असेल तर दिवाळीपर्यंत थांबायला हरकत नाही.

दुकानात नमुना ऐकायला मिळाला तर दुकानदाराचे गाणे ऐकू नका. ते वाजवून दाखवायलाच निवडलेले असते. स्वतःच्या फोनमध्ये भजनाचे एक ध्वनिमुद्रण ठेवा, जे तुम्ही शंभर वेळा ऐकले आहे. पेडणे-डिचोलीच्या घरांत असे एखादे असतेच. भजनात हेडफोनची सगळी परीक्षा होते. पखवाजाचा डाव्या हाताचा घुमारा, मधोमध हार्मोनियम आणि बुवांचा आवाज, वर टाळांची झणझण. पखवाज घुमतो पण अभंगाचे शब्द कळत नाहीत, तर तो हेडफोन बेसच्या नावाखाली आवाज गढूळ करतो. टाळ कानात सुईसारखे टोचतात, तर तो तासाभरात डोके दुखवणार. गजर चढला की टाळकऱ्यांमधून बुवांचा शब्द वेगळा ऐकू आला पाहिजे. तो येत असेल तर बाकीचे आकडे बघायची गरज नाही. तेच ध्वनिमुद्रण आधी हळू आवाजात ऐका. चांगला हेडफोन हळू आवाजातही पूर्ण वाटतो, वाईट हेडफोन आवाज वाढवायला लावतो.

जुने गाणे ऐकणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरची मुद्रणे घ्या. त्या काळच्या यंत्रांनी फार खालचे आणि फार वरचे सूर पकडलेच नाहीत. त्यामुळे वरच्या सुरांना उजाळा देणारा हेडफोन अशा मुद्रणात गाण्यापेक्षा सुईची खरखर जास्त ऐकवतो. नाट्यगीते, जुनी भजने, रेडिओवरची भाषणे हेच मुख्य ऐकणे असेल तर मऊ, सपाट आवाजाचा, कानावर हलका बसणारा साधा हेडफोन घ्या. घरातल्या वयस्कर माणसांना हाच सोयीचा पडतो. कानात रबर खुपसायचा त्यांना त्रास होतो आणि बटणांची भानगडही नको असते.

खोक्यावरच्या शब्दांपैकी दोन ओळखून ठेवा. एएनसी म्हणजे तुमच्या कानापर्यंत येणारा बाहेरचा आवाज उलट लहरीने कमी करणे. ते पंखा, बसचे इंजिन असल्या सलग, खालच्या आवाजावर चालते, शेजारच्या सीटवरच्या गप्पांवर फारसे नाही. ईएनसी म्हणजे समोरच्याला तुमच्या बाजूचा गोंगाट कमी ऐकू जाणे, तुम्हाला ऐकताना त्याचा उपयोग नाही. स्वस्त खोक्यांवर ईएनसी ठळक छापतात आणि घेणारा एएनसी समजून घेतो. पन्नास तास, शंभर तास हे आकडे निम्म्या आवाजावर आणि डबीतले सगळे चार्ज धरून काढलेले असतात, ते एका दमाचे समजू नका.

नकली माल पुष्कळ आहे, विशेषतः ॲपल आणि जेबीएलच्या नावाचा. खोके हातात घेऊन वाचा. कायद्याने त्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क असावा लागतो. महिना-वर्ष बॅटरीसाठी महत्त्वाचे आहे: दोन वर्षे गोदामात पडलेला नेकबँड स्वस्त मिळाला तरी त्याची बॅटरी तेवढी म्हातारी झालेली असते. ब्लूटूथ हेडफोनना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर 'आर' अक्षर आणि आठ आकडी क्रमांक असतो, तो ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कंपनीचे नाव निघते. नाव जुळले नाही तर खोके परत ठेवा.

बिल घ्या. बिलाशिवाय पन्नास रुपये कमी करतो असे दुकानदार म्हणाला तरी नको. वर्षभराची वॉरंटी त्या कागदावरच उभी आहे. थर्मल कागदावरची छपाई दमटपणाने उडते, म्हणून घरी येताच फोटो काढून ठेवा. तुमच्या कंपनीचे सेवा केंद्र म्हापसा-पणजीत आहे की हेडफोन कुरियरने बाहेर पाठवावा लागतो, तेही विचारून घ्या. हजार रुपयांच्या वस्तूसाठी कामाचा दिवस मोडून दोनदा पणजीला जावे लागले तर स्वस्ताई उरत नाही. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचे नाव वाचा आणि पुडके उघडताना व्हिडिओ काढा. कानात घालायच्या वस्तू स्वच्छतेच्या कारणावरून परत घेत नाहीत, फक्त बदलून देतात, आणि तेही मोजक्या दिवसांत, म्हणून आल्या दिवशीच दोन्ही कान, माईक, चार्जिंग सगळे तपासा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही भागले नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क नाही.

कानांबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा अशी: ८० डेसिबल आवाजात आठवड्याला ४० तास. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याला जेमतेम चार तास. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची आहे. पेडण्याहून म्हापशाला बसने जाणारा विद्यार्थी इंजिनाच्या आवाजावर मात करायला गाणे वाढवतो आणि रोजच्या येण्या-जाण्यात ही मर्यादा नकळत ओलांडतो. उपाय साधा आहे: कानात नीट बसणारे रबर. खोक्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापे असतात, बहुतेक जण मधले तसेच ठेवतात. रबर लावून तोंड मिटा आणि गुणगुणा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर कान बंद झाला, नाही घुमला तर दुसरे माप लावा. दोन कानांना दोन मापे लागली तरी चालतात. कान बंद झाला की बसचा आवाज आपोआप खाली जातो, गाणे वाढवावे लागत नाही आणि बेसही सुधारतो.

पण हेच बंद कान घेऊन दुचाकी चालवू नका. खाणीच्या ट्रकांच्या डिचोलीच्या रस्त्यांवर आणि मोपा विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्सींच्या वाटेवर मागून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येणे हा जीव वाचवण्याचा भाग आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की यंत्रांपासून कान वाचवायला इअरप्लग लागतो. यंत्राच्या आवाजावर गाणे चढवले तर दोन्ही आवाजांची बेरीज कानावर पडते. आंघोळीहून आल्यावर ओल्या कानात इअरफोन घालू नका. उबदार, ओलसर कानात बुरशीचा संसर्ग लवकर होतो, आणि पावसाळ्यात तर फारच. रबरे आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळल्यावरच चढवा. दुसऱ्याचा इअरफोन घेताना निदान रबर तरी आपले लावा.

नवा आणला की त्याच्यासाठी घट्ट झाकणाचा एक लहान डबा ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यातून किंवा औषधांच्या बाटलीतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या त्यात टाका. वायर फोनभोवती गुंडाळू नका, सैल वेटोळे करा. पिन काढताना वायर ओढू नका, पिनेलाच धरा. स्कूटरच्या डिकीत मे महिन्यात बड्स ठेवू नका, उष्णतेने बॅटरी फुगते. आणि जुना बिनतारी हेडफोन कचऱ्याबरोबर जाळू नका की ओल्या कचऱ्यात टाकू नका. त्यातली लिथियम बॅटरी चेपली किंवा तापली की पेट घेते. तो वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पंचायतीचे किंवा पालिकेचे लोक सुका कचरा न्यायला आले की 'आत बॅटरी आहे' असे सांगून हातात द्या.